अकरा नापास

रविवारी सकाळी आठ वाजता जळगावातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचं शटर मी अर्धंच वर करायचे. पूर्ण वर केलं की शेजारचा झेरॉक्सवाला "आज चालू का?" असं विचारायला यायचा, आणि त्याला समजावण्यात वीस मिनिटं जायची. रविवारी क्लास बंद असे. क्लासच्या सरांनी मला किल्ली दिली होती, कारण एक तर मी त्यांच्याकडे शिकवत होते, आणि दुसरं म्हणजे मी रविवारी येऊन मशीनं पुसते असा त्यांचा समज होता. पुसायचेही. पण खरं काम वेगळं होतं. कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं मशीन चालू करायचं, एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचं आणि साडेतीन तास बसून राहायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम होती आणि त्यात दिनदर्शिकेचा एक प्रोग्राम होता. भेटीगाठी, वाढदिवस, गाड्यांच्या वेळा त्यात लिहून ठेवायच्या, तो वेळेवर आठवण करून देणार. तो कुण्या कंपनीचा नव्हता. जगभरातली माणसं एकमेकांना न भेटता तो फुकटात लिहीत होती, आणि त्याचा सगळा मजकूर उघडा होता. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. सोबत टेस्टचा संच असायचा. शेकडो बारीक प्रश्न. प्रोग्राम स्वतःलाच ते विचारायचा, स्वतःच उत्तर तपासायचा आणि पडद्यावर एकाखाली एक 'ओके' लिहीत जायचा. हा संच वेगवेगळ्या मशीनवर दर आठवड्याला चालवून निकाल ईमेलने कळवणारी माणसं त्यांना हवी होती, त्यातही जुनी मशीनं असलेली. जुन्या मशीनच्या बाबतीत आम्ही श्रीमंत होतो.

मी आत्याकडे राहायचे. माझं गाव मुक्ताईनगरच्या पुढचं, केळीचं. रविवारी सकाळी पोर कुठं जाते हे आत्याला सांगणं भाग होतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे शितावरून भाताची परीक्षा." मी म्हटलं, नाही आत्या, इथे प्रत्येक शीत दाबून बघतात. "मग जेवतात कधी?" तिने विचारलं.

पहिल्याच रविवारी अकरा टेस्ट नापास झाल्या. ओके, ओके, ओके असं चाललेलं असताना मध्येच 'फेल' आलं, मग आणखी एक, आणि शेवटी बेरीज अकरा. आयुष्यात मी कशात नापास झाले नव्हते. निकालाच्या दिवशी वडील केळीची गाडी भरायचं सोडून शाळेत यायचे, नुसतं माझा नंबर ऐकायला. आणि जळगावहून त्या परक्या माणसांना जाणाऱ्या पहिल्याच पत्रात अकरा नापास लिहायचे? पाहुणे यायच्या आधी आपण मोडकं स्टूल आतल्या खोलीत सरकवतो, तसं काहीतरी करणं मला भाग वाटलं. प्रोग्राममध्ये चूक असेल हा विचार डोक्याला शिवलासुद्धा नाही. चूक आपलीच असणार.

तीन रविवार मी खटपट केली. शेवटी एक युक्ती सापडली. आपण कुठल्या देशाच्या वेळेवर आहोत हे मशीनला सांगायची एक जागा असते. तिथे भारताऐवजी बरोब्बर पाच तासांचा पट्टा निवडला, कराचीचा, की अकराच्या अकरा पास. असं का, ते मी स्वतःला विचारलं नाही. पास झाल्यावर कोण विचारतं? तेव्हापासून जळगावच्या भर बाजारात ते मशीन कराचीच्या वेळेने चालू लागलं आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण क्लासमध्ये सगळे भिंतीवरचं घड्याळ बघत. निकालाबरोबर मशीनची जात, मेमरी, सिस्टीम असं सगळं जायचं. वेळेचा पट्टा तेवढा जात नसे. सोमवारी सकाळी सर इंटरनेटसाठी मोडेमवरून नाशिकला फोन जोडायचे, त्यातली पाच मिनिटं मला मिळायची. मी कळवलं, सगळे पास. उत्तर आलं: छान, आभार. ते दोन शब्द मी छापून पर्समध्ये ठेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना.

तो आला तेव्हा आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. धुळ्याहून एसटीने आला होता, हातात पोळ्यांचा उभा स्टीलचा डबा. मला वाटलं जेवायला जागा शोधतोय. डब्यात बेचाळीस कोऱ्या फ्लॉप्या होत्या. लिनक्सची सीडी जळगावात एका क्लासमध्ये आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं, आणि त्याच्या मशीनला सीडी लावायची सोयच नव्हती.

"मशीन मीच जोडेल शे," तो म्हणाला. "भंगारमाधून. पन चालस."

मग मी शहरातली आहे असं समजून तो पुस्तकी मराठीत बोलायला लागला, आणि दर चौथ्या वाक्याला पुन्हा अहिराणीतल्या 'शे'वर यायचा. बेचाळीस फ्लॉप्या भरायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी त्याला रविवारच्या कामाबद्दल सांगितलं आणि त्याने स्वतःबद्दल. पदविका झालेली, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. घरी शेती. दोंडाईच्याला काकांची मिरचीची आडत होती आणि त्याने तिथे बसावं असं घरात ठरलेलं होतं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, त्याला एक साल दिलं होतं. आमच्याकडे शेतावरचा सालदार आखाजीला कामावर लागतो आणि पुढच्या आखाजीला मोकळा होतो. तोच हिशेब त्यांनी पोराला लावला. कॉम्प्युटरमधलं आबांना काही कळत नव्हतं. त्यांची अट साधी होती: बाहेरच्या कुणीतरी तुझं काम तुझ्या नावानिशी घेतलं, तर पुण्याला जा आणि नशीब काढ. नाहीतर पुढच्या आखाजीला आडतीवर.

"टेस्ट मीबी चालाडस," तो जाताना म्हणाला. त्याच्याकडे फोन नव्हता, म्हणून निकालाची फ्लॉपी तो मला पाठवणार आणि मी ती माझ्या ईमेलबरोबर पुढे धाडणार, असं ठरलं.

डबा एसटीने येऊ लागला. धुळ्याहून सकाळी पहिली जी बस पारोळ्यावरून जळगावला निघे, तिच्या ड्रायव्हरकडे तो डबा द्यायचा. फ्लॉपी म्हटलं तर ड्रायव्हर कुठेही टाकेल, उन्हात वाकडी होईल, म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं, "दवाई शे." औषध म्हटलं की डबा पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी, सावलीत. पुढे पुढे ते ड्रायव्हर स्टँडवर मला विचारायचे, म्हातारीला आता बरं आहे का. मी सांगायचे, आहे थोडं.

पहिल्या डब्यात फ्लॉपीबरोबर एक चिठ्ठी होती. 'माझ्याकडे अकरा नापास. तुझ्याकडे किती?' खाली त्या अकरांची यादी.

ही चिठ्ठी मी स्टँडवरच, रसवंतीच्या बाकावर बसून वाचली. तेच अकरा. त्याच क्रमाने. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं की दोन वेगळ्या गावांतली दोन मशीनं एकाच जागी अडखळतात, तेव्हा दोष मशीनचा नसतो. आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं, अर्धवट. पण तोवर माझे 'सगळे पास' तीनदा जाऊन आले होते, 'आभार' पर्समध्ये होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'भाऊ, माझ्याकडे सगळे पास.' आणि डबा परत पाठवला.

त्याचं उत्तर आलं, 'मग माझंच काहीतरी.'

त्यानंतरचे आठ-नऊ महिने हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता, आणि तो या खोटेपणावर उभा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दर आठवड्याला डबा यायचा. चिठ्ठ्या लांबत गेल्या. त्याने मशीनच्या घड्याळाची बॅटरी बदलली, अकरा नापास. घड्याळाची चिप दुसऱ्या भंगार बोर्डवरून काढून डकवली, अकरा नापास. गल्लीत कुणाकडे टीव्ही बिघडला की त्याला बोलावतात, आणि आबा ते बघून मान हलवतात. पावसाळ्यात पांझरेला पाणी आलं की तो पुलावर जाऊन उभा राहतो. तू केळीवाली, तुला पाण्याचं काय कौतुक, असं चिडवणं. मी आत्याचे किस्से लिहायचे. पहिल्या तीन चिठ्ठ्यांवर मी 'भाऊ' लिहिलं, कुणीही लिहील तसं. चौथीपासून वर काहीच लिहिलं नाही. त्याला ते लक्षात आलं की नाही, मला कधी कळलं नाही.

मला तो आवडत होता. हे मी तेव्हा आत्याला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही, आज लिहायला काही वाटत नाही. रविवारी टेस्ट चालू असताना मला ठाऊक असायचं की तिकडे धुळ्यात त्याच वेळी त्याच ओळी त्याच्याही पडद्यावर सरकताहेत. जळगावची लाइट गेली तर मी मनात म्हणायचे, त्याची तरी असू दे.

माघात एक चिठ्ठी आली, चार पानी. त्याला सापडलं होतं. मशीनमध्ये शोधायचं सोडून त्याने प्रोग्रामचा मजकूरच वाचायला घेतला होता, ओळ न ओळ. जगातल्या बहुतेक देशांची घड्याळं एकमेकांपासून पूर्ण तासांनी पुढे-मागे असतात. आपलं साडेपाच तास. ज्याने कुणी ते लिहिलं त्याने तासच मोजले आणि वरचा अर्धा सोडून दिला. त्यामुळे आपल्याकडे सकाळी साडेदहाला ठेवलेली भेट प्रोग्राम दहाचीच समजत होता. 'म्हणजे आपल्या आख्ख्या देशाला तो अर्धा तास आधी नेऊन बसवतो,' त्याने लिहिलं होतं. खाली दुरुस्ती. सात ओळी. शेवटी: 'हे त्यांनी घेतलं तर आबांना दाखवायला झालं. आखाजीला अजून अडीच महिने आहेत.'

त्या सात ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एवढ्या सरळ ओळी मी आजवर कमी पाहिल्यात. सोमवारी त्या ईमेलने पाठवल्या.

उत्तर तीन आठवड्यांनी, त्या कामाच्या मुख्य माणसाकडून आलं. कुठल्याशा थंड देशातले गृहस्थ, नेहमीसारखे नम्र. त्यांनी लिहिलं होतं की दुरुस्ती वाचली, मेहनत दिसते. पण तुमच्याच देशातलं, जवळच्याच गावातलं दुसरं मशीन कित्येक महिने सगळ्या टेस्ट पास करतंय, तेव्हा दोष तुमच्या मशीनमध्ये असावा, कृपया घड्याळ तपासा.

दुसरं मशीन म्हणजे माझं. हे उत्तर छापून डब्यात घालायचं काम माझं. मी ते घातलं. वर काही लिहिलं नाही, चिठ्ठीही ठेवली नाही, ड्रायव्हरला म्हटलं, दवाई आहे, सांभाळून.

तेव्हा का बोलले नाही? लोक म्हणतील, भीती. भीती होतीच. पण नुसती तीच असती तर मी माझी कीव केली असती आणि विषय मिटला असता. त्याच्या चिठ्ठ्यांत मी हुशार होते. 'तुझं मशीन बघून शिकावं,' असं त्याने दोनदा लिहिलं होतं. माझ्याबद्दल असं कुणी लिहितंय हे मला सोडवत नव्हतं. आणि खरं कळल्यावर डबा यायचा बंद होईल, हे उघड होतं. हावरटपणा म्हणतात याला, दुसरा शब्द नाही.

त्याची चिठ्ठी आली: 'बरोबर आहे त्यांचं. मशीन भंगारातलं, भंगार ते भंगारच. एकदा पूर्ण उघडून बघतो.' पुढच्या आठवड्यात डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्टँडवर जायचे, ड्रायव्हर लांबूनच मान हलवायचे. तिसऱ्या आठवड्यात नुसती चिठ्ठी आली, फ्लॉपी नाही. 'मशीनचे भाग एकाला देऊन टाकतो आहे. आखाजीला पंधरा दिवस राहिले, आता नवीन काय होणार. तू मात्र चालू ठेव.'

'तू मात्र चालू ठेव' वाचून मी स्टँडवर रडले. समोर बसलेल्या बाईने मला पाणी दिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

तो रविवार होता. क्लासवर जाऊन मी पहिल्यांदा त्या मशीनला खरं सांगितलं की आपण भारतात आहोत. टेस्ट चालवल्या. अकरा नापास. मग त्याच्या सात ओळी घातल्या आणि पुन्हा चालवल्या. दुपार होऊन गेली, पोटात काही नव्हतं. ओके, ओके, ओके, शेवटपर्यंत. सोमवारी मी ईमेल लिहिली, त्या कामातल्या सगळ्यांना एकदम पोहोचणारी. माझं इंग्रजी बेताचं, पण त्या दिवशी शब्द अडले नाहीत. लिहिलं की मी पहिल्या आठवड्यापासून चुकीचे निकाल पाठवते आहे, मुद्दाम. माझे सगळे 'पास' खोटे. धुळ्याचं मशीन पहिल्यापासून बरोबर होतं, दुरुस्तीही बरोबर आहे.

उत्तर यायला वेळ लागला. ते गृहस्थ बहुधा गावाला गेले होते. रोज सकाळी सरांच्या मागे उभी राहून मी मोडेमची शिट्टी ऐकायचे. आलं ते आखाजीच्या आदल्या दिवशी. त्यांनी स्वतः साडेपाच तासांवर तपासलं होतं. दुरुस्ती घेतली होती, पुढच्या आवृत्तीत जाणार होती, नावांच्या यादीत त्याचं नाव, कंसात धुळे. माझ्यासाठी एकच ओळ होती, नापास निकालाबद्दल आभार. रागावण्याची ही कुठली पद्धत, मला कळेना.

एवढी गोष्ट ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून पाठवण्यासारखी नव्हती. आखाजीच्या दिवशी मी स्वतः बसले एसटीत. बस माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेली होती. पारोळ्यापर्यंत मी उभी होते. धुळ्यात चिठ्ठीवरचा पत्ता विचारत गेले. गल्लीत कडुनिंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. तो ओट्यावर पाय सोडून बसला होता. अंगात नवा शर्ट. मला बघून उठून उभा राहिला.

"तू काबरं इतली दूर उनी?"

त्याची आई दारात आली. "कोन शे रे?"

"जळगावनी शे," तो म्हणाला. "मी करस तेच काम करस."

आईने मला आत नेऊन पाटावर बसवलं. आमरस, खापरावरची पुरणपोळी. "खाई ले माय, उनमा उनी तू." मी ताटाला हात न लावता पर्समधून कागद काढून त्याला दिला. तो उभ्यानेच वाचू लागला. त्याचं नाव आलं त्या जागी त्याने अंगठा ठेवला. मग खाली माझी ईमेल होती, तीही सगळी वाचली. आत आईची भांडी वाजत होती.

"तुनाकडेबी अकराच?"

"पहिल्या रविवारपासून."

त्याने कागदाची घडी घातली, नव्या शर्टच्या खिशात ठेवली. "काकाले आज सकाळेच हो सांगी दिधं मी. आबाना समोर."

मी म्हटलं, आबांना हा कागद दाखव, मी सांगते त्यांना, चूक माझी आहे, अर्ध्या दिवसाने काय होतं. तो नुसतंच हसला. आमच्याकडे आखाजीला दिलेला शब्द म्हणजे वर्षाचा करार. सालदारालाही तो मोडता येत नाही. हे त्याने मला सांगायची गरज नव्हती, मीही शेतकऱ्याचीच मुलगी. तो रागावेल याची तयारी करून मी आले होते. वाटेत उभ्याने पाठ केलेली माफी तोंडात तयार होती.

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"इतला दिन," तो म्हणाला, "माले वाटे, मी एकलाच शे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पाठ केलेल्या माफीत या वाक्याला उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, आणि ते फार लहान होतं: मलाही तसंच वाटायचं. आई गरम पोळी घेऊन बाहेर आली, तिच्या देखत मला ते म्हणता आलं नाही. मी जेवले. तिने आग्रह केला म्हणून आणखी रस घेतला. तीनच्या बसला तो मला सोडायला आला, खिडकीजवळ उभा राहिला, आणि बस हलेपर्यंत आम्ही दोघं पाऊस यंदा वेळेवर येईल का, यावर बोलत होतो.